आण्णा सिगारेट सोडतायत, घरच्यांनी नेमकं काय करायचं आणि काय नाही?

कऱ्हाडची लेक:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, प्लीज पूर्ण वाचून मगच सांगा.

माझे वडील, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो, वय ६४. साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आता रिटायर. गळीत हंगामात रात्रपाळी असायची, तेव्हा जागं राहायला म्हणून बिडी सुरू झाली, पुढे सिगारेट. गेली कित्येक वर्षं दिवसाला एक पाकीट तरी होतंच. पहिली सकाळी उठल्या उठल्या, कारण तिच्याशिवाय पोट साफ होत नाही असं त्यांचं ठाम म्हणणं. आमच्या घरात हा विषय त्यांच्यासमोर काढायची कुणाची हिंमत नव्हती, उलट लहानपणी मी आणि दादाच टपरीवरून पाकीट आणून द्यायचो.

दोन महिन्यांपूर्वी जिना चढताना मधेच बसले. छातीच्या डॉक्टरांनी ती मशीनमध्ये जोरात फुंकायची टेस्ट केली आणि सीओपीडी सांगितलं, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट, श्वास अडवणारा आजार. इनहेलर दिलाय, डेरिफायलिनची गोळी चालू आहे. डॉक्टर एवढंच म्हणाले की सिगारेट चालू असेल तर माझ्या औषधांचा जोर चालणार नाही. आण्णा घरी आले, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले की एक तारखेपासून बंद. आणि खरंच बंद केली. एकदम. कसलंही औषध नाही, काही नाही.

आज सहावा दिवस आहे आणि घराचं पार रणांगण झालंय. परवा भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवून उठले, आई रडत बसली. रात्री दोन दोन वाजेपर्यंत अंगणात फेऱ्या मारतात. खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय आणि कफ पण जास्त पडतोय. त्यावरून काका म्हणतायत की चाळीस वर्षांची सवय अशी एकदम तोडली तर शरीर बिघडणारच, दिवसाला दोन ओढू द्या. आईने सुरुवातीलाच माझ्या पोराची शपथ घातलीय त्यांना. दादा रोज त्यांच्या शर्टाचे खिसे बघतो, बाहेरून आले की जवळ जाऊन वास घेतो. मी पुण्यात, फोनवर सगळ्यांचं ऐकून घेते आणि मला कळत नाही कुणाची बाजू घेऊ.

विचारायचं असं की हा खोकला नॉर्मल आहे का, दोन ओढू द्यायचं काय, ती निकोटिनची च्युइंगम मिळते ती चालेल का (त्यांना वरची कवळी आहे), आणि सगळ्यात महत्त्वाचं, आम्ही घरच्यांनी वागायचं कसं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हा निर्णय घेतलाय आणि तो आमच्यामुळे मोडू नये असं मनापासून वाटतं.

औषधवाला मिरज:

ताई, मेडिकल दुकानात उभं राहून बरीच वर्षं झाली, त्यामुळे औषधाच्या बाजूचं सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतील.

सगळ्यात आधी तुम्ही विचारलंच नाही ते. डेरिफायलिन. या गोळीत थिओफायलिन असतं, आणि सिगारेटच्या धुरामुळे लिव्हर हे औषध नेहमीपेक्षा वेगाने संपवून टाकतं, म्हणून ओढणाऱ्या माणसाला डोस जास्त लागतो. सिगारेट बंद झाली की आठवडाभरात लिव्हरचा हा वेग खाली येतो आणि तोच जुना डोस अंगात जास्त साठायला लागतो. मग मळमळ, छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न येणं. घरच्यांना वाटतं सिगारेट सोडल्याचा त्रास आहे, असतं औषध जास्त झाल्याचं. घाबरायचं काही नाही पण उद्याच डॉक्टरांना फोन करून सांगा की अमुक तारखेपासून सिगारेट पूर्ण बंद आहे, डोस बदलायचा का. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

चहाचं पण तेच. कॅफिनही धुरामुळे लवकर संपतं, सिगारेट थांबली की तेवढाच चहा जवळजवळ दुप्पट लागू पडतो. आणि होतं काय, सिगारेट सोडलेला माणूस हात रिकामे म्हणून उलट जास्त चहा पितो. रात्री दोन वाजता अंगणात फेऱ्या मारतायत म्हणालात ना, दिवसाचे चहा मोजा एकदा. निम्मे करा, दुपारी चारनंतर नकोच.

आता च्युइंगम. ती नुसती चघळून टाकायची नसते आणि आमच्याकडून नेणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे कुणी सांगितलेलं नसतं, डब्यातल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते कोण वाचतंय. हळूहळू चावायची, जिभेला मिरमिरलं की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायची, मिरमिर गेली की परत चावायची, असं अर्धा तास. निकोटिन गालातून आत जातं, पोटातून नाही. भराभर चावून लाळ गिळली की उचकी लागते, जळजळते, आणि माणूस म्हणतो हे काय कामाचं नाही. खायच्या आधी पंधरा मिनिटं चहा, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक काही घ्यायचं नाही, नाहीतर गालातून शोषलंच जात नाही. आणि लोक फार कमी खातात, दिवसाला दोन. पहिले काही आठवडे दर एक दोन तासाला एक अशी लागते.

पण आण्णांना कवळी आहे, च्युइंगम कवळीला चिकटते. त्यांच्यासाठी चघळायची नाही तर तोंडात विरघळू द्यायची गोळी येते, किंवा दंडावर लावायचा पॅच. पॅचने दिवसभर एकसारखं निकोटिन मिळत राहतं आणि मधेच तलफ आली तर वरून गोळी, दोन्ही मिळून एकापेक्षा चांगलं काम करतं हे अभ्यासातून सिद्ध झालेलं आहे. २ एमजी चिठ्ठीशिवाय मिळते, ४ एमजीला चिठ्ठी लागते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढणारा माणूस म्हणजे सवय जबरी, त्याला बहुतेक ४ चीच लागते. ते डॉक्टर ठरवतील, हृदयाचं काही असेल तर तेही सांगा. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन अशी चिठ्ठीवरची औषधंही आहेत, ज्याला कधी फिट आली असेल त्याला ब्युप्रोपिऑन देत नाहीत.

खूप लोक म्हणतात, निकोटिन सोडायचंय तर परत निकोटिनच कशाला. अहो फुप्फुसं जाळतं ते धुरातलं डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि बाकी शेकडो विषारी गोष्टी. निकोटिन सवय लावतं. आधी धूर थांबवायचा, मग निकोटिन सावकाश दोन तीन महिन्यांत कमी करत न्यायचं. यात कमीपणा काही नाही हे आण्णांना कुणीतरी नीट सांगा, कारण त्या पिढीला वाटतं औषध घेऊन सोडली तर ती काय सोडली.

थर्ड शिफ्ट:

मी चाकणला कंपनीत आहे, मी पण रात्रपाळीतच लागलेलो आणि आता सुटून बरीच वर्षं झालीत, त्यामुळे आण्णांच्या बाजूने बोलतो.

ताई सहावा दिवस म्हणजे सगळ्यात वाईट टप्पा जवळजवळ पार झालाय, हे आधी आईंना सांगा. पहिले दोन तीन दिवस कळस असतो आणि पहिला आठवडा खराब जातो, मग दोन ते चार आठवड्यांत चिडचिड उतरत जाते. ताट सरकवलं ते भाजीमुळे नव्हतं आणि आईंमुळे तर अजिबात नव्हतं. त्या वेळी डोक्यात एक आवाज सतत चालू असतो आणि समोरचा काहीही बोलला तरी तो आवाज मोठा होतो, एवढंच असतं. माझ्या बायकोने त्या दिवसांत एक केलं, मी ओरडलो की ती उलट बोलायची नाही आणि रडायची पण नाही, उठून शेजारच्या खोलीत जायची आणि दहा मिनिटांनी येऊन दुसऱ्याच विषयावर बोलायची, पाणी आलं का, गॅसचा नंबर लावला का वगैरे. त्या वेळी मला कळलंही नाही ती काय करतेय. पण मला माफी मागायला पण लागली नाही आणि त्या अपमानापायी खाली जाऊन ओढावी असंही वाटलं नाही.

दादाला सांगा खिसे बघणं आज बंद कर. हे फार महत्त्वाचं आहे म्हणून कडक बोलतोय. ६४ वर्षांचा माणूस, ज्याने घर उभं केलं, त्याच्या अंगाचा पोराने वास घ्यायचा? मनात पहिला विचार येतो की एवढा अविश्वास आहेच तर ओढूनच टाकतो. आणि समजा एखादी ओढलीच, तर ती लपवणार, आणि एकदा लपवायला लागला की गोठ्यामागे रोज जाणार. शपथेचंही तेच. नातवाची शपथ घातली म्हणजे आता त्यांच्याकडून एक जरी ओढली गेली तरी ते कुणाला सांगू शकत नाहीत, कारण ती सिगारेट राहत नाही, नातवाच्या जिवावर उठल्यासारखं होतं. मदत मागायचा रस्ताच बंद. आईंनी घातली ती प्रेमापोटी, पण आईंनीच ती मोकळी करावी. देवापुढे उभं राहून सोडवतात तसं सोडवा, म्हणजे त्यांच्या पण मनाला लागणार नाही.

तलफ येते ती एकदा आली की बसून राहत नाही, चार पाच मिनिटांत ओसरते, परत तासाभराने येते. त्या पाच मिनिटांचं काहीतरी ठरवून ठेवा. मी गार पाणी प्यायचो घोट घोट, आणि पार्किंगपर्यंत चालत जाऊन यायचो. लवंग तोंडात ठेवा, वेलदोडा, ओवा, गाजराच्या फोडी, काहीही, हाताला आणि तोंडाला काम पाहिजे. आणि कोणत्या वेळेला कोणती सिगारेट होती ती यादी त्यांनाच करू द्या, सकाळची, जेवणानंतरची, पेपर वाचतानाची, कट्ट्यावरची. जेवणानंतरची सगळ्यात चिवट असते. जेवण झालं की लगेच उठून बडीशेप घेऊन शतपावलीला कुणीतरी सोबत जा. सोबत जा, पाळतीवर नको, फरक त्यांना लगेच कळतो.

कट्ट्यावरच्या मित्रांना दादाने जाऊन सांगायचं नाही. आण्णांनीच सांगायचं की मला देऊ नका. मी आमच्या टपरीवाल्याला सांगितलेलं, मी मागितली तरी देऊ नको, आणि त्याने खरंच दिली नाही, त्या माणसाचे उपकार आहेत माझ्यावर. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्टी सिगारेट विकायला बंदी आहे पण मिळते सगळीकडे, आणि परत सुरू होते ती त्या एका सुट्टीवरूनच, पाकीट विकत घेऊन कुणी परत सुरू करत नाही.

कऱ्हाडची लेक:

दोघांचे खूप आभार. डेरिफायलिनचं वाचून मी तशीच दादाला फोन केला, डॉक्टरांनी उद्या आणायला सांगितलंय. मळमळ होतेय असं आण्णा दोन दिवस म्हणत होते, आम्हाला वाटलं पित्त. चहा मोजले तर आठ निघाले!

शपथेचं आईशी बोलले. ती म्हणते शपथ काढली तर त्यांना मोकळं रान मिळेल. तिला कसं समजावू?

वारकरी बुवा:

मला थर्ड शिफ्ट यांचं शपथेचं सगळं पटलं नाही, म्हणून लिहितो. माझी बिडी माळेने सुटली. पंढरीला जाऊन तुळशीची माळ घातली, त्या दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटात शेवटचा बंडल टाकला आणि परत हात लावला नाही. गळ्यात माळ असताना हात बिडीकडे जात नाही, गेला तरी लाज वाटते. माणसाला काहीतरी मोठं धरायला लागतं, नुसत्या गोळ्या औषधांनी मनाचं होत नाही. आता माळ घालून दिंडीत तंबाखू मळणारेही मी पाहतो, नाही असं नाही, पण ज्याने मनाने घातली त्याची सुटते.

थर्ड शिफ्ट:

बुवा तुमचं बरोबर आहे आणि मी त्याच्या विरोधात नाहीच. तुम्ही माळ स्वतःच्या हाताने घातलीत. तुमच्या घरच्यांनी तुमच्या गळ्यात टाकून पोराचं नाव घेतलं असतं तर? आण्णांनी स्वतः उद्या विठोबापुढे सांगितलं तर मी पहिला हात जोडेन. ताई, आईंना हेच सांगा, की आण्णांनी निर्णय शपथेच्या आधी घेतलाय. तो त्यांचा आहे, त्यांच्याकडेच राहू दे.

वर्ध्याची काकू:

मी जरा वेगळ्या गोष्टीबद्दल सांगते बाई, याकडे कोणी बघत नाही म्हणून. सिगारेट सुटली म्हणून घरात आनंद आणि माणूस तिकडे दुसरंच काही तोंडात टाकायला लागला, हे आमच्या भागात घरोघरी आहे. आमच्याकडे खर्रा. यांची सिगारेट सुटली, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मग कळलं का पानठेल्यावर खर्रा घोटून घेतात दिवसातून तीनदा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला. दोन वर्षांत तोंड उघडेना, तीन बोटं जायची तिथे दोन पण जाईनात, तिखट लागलं की डोळ्यात पाणी. दातांच्या सरकारी कॉलेजात दाखवलं तर डॉक्टरीण बाई म्हणाल्या सुपारीनं गालाच्या आतली कातडी कडक होते, हा कॅन्सरच्या आधीचा रस्ता आहे. त्यावर व्यायाम दिले, इंजेक्शनं दिली, आणि खर्रा पूर्ण बंद. आता बरे आहेत पण तोंड पहिल्यासारखं उघडत नाही.

तुमच्याकडे खर्रा नसेल पण मावा आहे, गायछाप आहे, आणि ती गोड सुगंधी सुपारी आहे, जी बिनतंबाखूची म्हणून घरचेच आणून देतात. सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते, तंबाखू नसली तरी. बायकांचं पण बघा, किती घरांत मशेरी, म्हणजे भाजलेली तंबाखू, लावतात दात घासायच्या नावाखाली आणि त्याला व्यसन कोणी म्हणतच नाही. तर आण्णांच्या हातात सुपारीची पुडी देऊ नका. बडीशेप, धनाडाळ, आवळा, लवंग. बस.

आणि आईकडे पण लक्ष द्या. सगळे त्या माणसाला विचारतात कसं वाटते, ज्या बाईवर ताट सरकवलं जाते तिला कोणी विचारत नाही. तिला दोन दिवस पुण्याला घेऊन जा नाहीतर रोज तिच्याशी वेगळा फोन करा, आण्णांचा विषय न काढता.

समुपदेशन टेबल:

मी एका सरकारी रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्रात काम करते. वरती बरंच चांगलं सांगून झालंय, राहिलेलं लिहिते.

खोकल्याबद्दल. श्वासनलिकेच्या आत बारीक केस असतात, त्यांचं काम कचरा आणि कफ वर ढकलायचं. धुरामुळे ते निपचित पडलेले असतात. सिगारेट थांबली की ते परत हलायला लागतात आणि साठलेला कफ बाहेर काढायला लागतात, म्हणून काही आठवडे खोकला आणि कफ वाढतो. हे बरं होण्याचंच लक्षण आहे. मात्र कफात रक्त, ताप, हिरवा पिवळा घट्ट कफ, नेहमीपेक्षा जास्त धाप, यातलं काही असेल तर ते सोडल्यामुळे म्हणून घरी बसू नका, सीओपीडीच्या माणसाला इन्फेक्शन लवकर होतं. सीओपीडीत गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही हे खरं आहे, पण धूर थांबला की पुढची घसरण मंदावते, ओढत राहिलेल्या माणसापेक्षा खूपच. ६४ व्या वर्षी सोडून काय उपयोग असं कट्ट्यावर कुणी म्हणालं तर हे उत्तर तयार ठेवा. बाकी शरीराचं तर फार लवकर सुरू होतं, बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नॉर्मलला येतो, आणि वर्षभराने हृदयविकाराचा जादाचा धोका ओढणाऱ्याच्या निम्म्यावर आलेला असतो.

पोट साफ न होण्याचं खरं आहे, बहाणा नाही. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, ते बंद झालं की काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. आमच्याकडे सकाळची सिगारेट परत सुरू होण्याचं हे मोठं कारण आहे आणि लाजेने कुणी सांगत नाही. कोमट पाणी, रात्री इसबगोल, पेरू पपई, सकाळी चालणं. तोंड येणं, भूक वाढणं, वजन चार पाच किलो वाढणं हेही होतं, त्यावरून त्यांना आत्ता टोकू नका, वजनाचं नंतर बघता येतं.

काकांच्या दोन सिगारेटींबद्दल, स्पष्ट नाही. दिवसाला एक ओढणाऱ्यालासुद्धा हृदयाचा जादाचा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा भाग नसतो. आणि सहा दिवस कोरडे काढलेल्या माणसाला दोन दिल्या की त्या दोनच राहत नाहीत. त्रास कमी करायचा असेल तर पॅच आणि गोळी आहे, सिगारेट नाही. काकांशी वाद घालू नका, "डॉक्टरांनी दुसरं औषध दिलंय" एवढं म्हणा. ई सिगारेट कुणी सुचवेल, तिच्यावर भारतात २०१९ पासून बंदी आहे, तो विषयच नको.

आता घरच्यांचं. आम्ही नातेवाइकांना पहिलं सांगतो की त्यांनाच विचारा. "आण्णा, आम्ही काय केलं तर तुम्हाला सोपं जाईल, आणि काय केलेलं तुम्हाला आवडत नाही?" एवढं एक वाक्य. तुम्ही मुलगी आहात, तुम्ही विचारलंत तर ते बहुतेक उत्तर देतील, दादाला देणार नाहीत. काही लोकांना रोज कुणीतरी विचारलेलं हवं असतं, काहींना अजिबात नको असतं. जे सांगतील ते सगळ्यांनी पाळा.

दुसरं, एखादी ओढली गेली तर काय बोलायचं हे आजच ठरवा. बहुतेक लोकांना कायमची सुटायच्या आधी काही वेळा प्रयत्न करावे लागतात. "झालं ना शेवटी, माहितीच होतं" हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडून येता कामा नये. "कुठे होतात, काय झालं तेव्हा?" असं विचारा, कारण त्या उत्तरात पुढच्या वेळची तयारी असते. बहुतेक वेळा लग्नकार्य, मयत, भांडण, किंवा दारू. दारूचा घोट घेत असतील तर पहिले दोन महिने तोही टाळायला हवा.

तिसरं, घरातून सगळा माग काढा. ॲशट्रे, लायटर, देव्हाऱ्याजवळची काडेपेटी त्यांच्या खोलीत येऊ देऊ नका, गोधडी शाली धुवा, स्कूटरच्या डिकीत बघा. हे त्यांना विचारून, त्यांच्यासमोर. आणि दादा ओढत असेल तर (तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारते) त्याने निदान घरात आणि अंगणात ओढायची नाही.

फोनवरची मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत, हाच नंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर चित्राखाली छापलेला असतो. मुंबईचं केंद्र टाटा मेमोरियल चालवतं आणि मराठीत बोलता येतं. एकदा बोलून सोडत नाहीत, पुढे परत फोन करून विचारतात. आण्णांनी स्वतः लावलेला बरा, तुम्ही शेजारी बसून नंबर फिरवून द्या आणि उठून जा. जिल्हा रुग्णालयातही तंबाखूमुक्तीचं टेबल असतं, साताऱ्याला जाणं होत असेल तर तिथे विचारा.

कऱ्हाडची लेक:

शनिवारी गावी जाऊन आले, काय झालं ते सांगते कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत.

डॉक्टरांनी डेरिफायलिनचा डोस कमी केला, २१ एमजीचा पॅच आणि विरघळणारी गोळी लिहून दिली. मळमळ थांबलीय. चहा चारवर आलाय, दुपारनंतरचा बंद, रात्री अकराला झोपले.

आई शपथ सोडायला शेवटी तयार झाली, बुवा आणि थर्ड शिफ्ट यांचं दोघांचं मी तिला वाचून दाखवलं. तिने देवापुढे नारळ ठेवला आणि आण्णांना म्हणाली, पोराचं नाव मी परत घेतलं, आता तुमचं तुम्ही बघा. आण्णा काही बोलले नाहीत पण संध्याकाळी स्वतः म्हणाले की मंगळवारी कारखान्यावरच्या जुन्या मित्राच्या घरी एक ओढली होती. सगळे गप्प. दादा काहीतरी बोलणार होता, मी त्याच्याकडे बघितलं. मग मी विचारलं काय झालं होतं तेव्हा, तर म्हणाले त्याने पुढे केली, नाही म्हणता आलं नाही.

मग समुपदेशनवाल्या ताईंनी सांगितलेलं वाक्य विचारलं, आम्ही काय करू. बराच वेळ विचार करून म्हणाले की जेवणानंतर कुणीतरी चालायला या, आणि तुझ्या आईला सांग दर तासाला कसं वाटतंय विचारू नको. आता दादाचा पोरगा रोज रात्री त्यांच्यासोबत मारुतीच्या देवळापर्यंत जातो. दादा ओढत नाही ताई, पण मावा खातो. तो विषय मी आत्ता काढला नाही, आण्णांनी काढला! म्हणाले मी सोडतोय तर तू पण बघ.

एक अडचण आहे, पॅच लावला की रात्री फार विचित्र स्वप्नं पडतात म्हणतात आणि लावलेल्या जागी खाज येते. काढून टाकू का?

औषधवाला मिरज:

डोस कमी केला हे फार छान झालं. काढून टाकू नका, थांबवू नका. स्वप्नं पडत असतील तर झोपायच्या आधी पॅच काढायचा आणि सकाळी उठल्या उठल्या नवीन लावायचा. तो लागू पडायला थोडा वेळ घेतो, तेवढ्या वेळात सकाळची तलफ आली तर विरघळणारी गोळी, ती चावायची नाही, गालात इकडून तिकडे फिरवत ठेवायची. खाजेसाठी रोज जागा बदला, आज डावा दंड, उद्या उजवा, परवा छातीचा वरचा भाग, केस नसलेली कोरडी जागा, तेल साबण न लावलेली, आणि तीच जागा आठवडाभर परत नको. थोडी लाली खाज चालते, फोड आले किंवा चट्टा पसरला तर मात्र डॉक्टरांना दाखवा. वापरलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून टाका, घरात लहान पोरं आहेत. आणि २१ चा पॅच साधारण दीड महिना चालतो, मग १४, मग ७, मधेच बरं वाटलं म्हणून बंद करू नका, पुढची पाकिटं संपायच्या आधी सांगून ठेवा, छोट्या गावात लगेच मिळत नाहीत. दादाच्या माव्यासाठी पण हाच नंबर चालतो, क्विटलाइन फक्त सिगारेटवाल्यांसाठी नाहीये.